भाच्याचा टर्बो

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

माझं काम डिझेलचं. वसई पूर्वेला वालीवच्या औद्योगिक पट्ट्यात माझा एक गाळा आहे. तिथे पंप-नोझल आणि टर्बो एवढंच काम आम्ही करतो. अहमदाबाद महामार्गावरचे ट्रक, टेम्पो, खासगी बसगाड्या आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा अर्नाळा, नायगाव, पाचूबंदरच्या बोटींची इंजिनं, ही आमची गिऱ्हाइकं. पेट्रोलच्या स्पोर्ट्स गाड्यांशी माझा संबंध म्हणजे रविवारी पहाटे महामार्गावरून त्या सुसाट जातात, त्यांचा आवाज कानावर पडतो, तेवढाच. तरी आज मी एका जपानी स्पोर्ट्स गाडीबद्दल बोलणार आहे. कारण दीड-दोन वर्षं आमच्या घरात जेवताना तोच विषय होता आणि त्या विषयापायी माझी सख्खी बहीण काही महिने माझ्याशी धड बोलत नव्हती.

गाडी माझ्या भाच्याची. धाकट्या बहिणीचा हा एकुलता एक मुलगा. शाळेच्या सुट्टीत तो माझ्या गाळ्यावर येऊन बसायचा, टर्बोची चाकं रॉकेलमध्ये धुऊन द्यायचा आणि संध्याकाळी आईची बोलणी खायचा, कारण कपड्यांचा वास जायचा नाही. पुढे शिकून तो न्यूझीलंडला गेला. वसईची मुलं आखातात जातात, जहाजांवर जातात, कॅनडाला जातात. त्यामुळे ऑकलंडला गेला याचं कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्याने तिथे घेतलेल्या गाडीचं. माझदा आरएक्स-सेव्हन, १९८७ सालची. म्हणजे गाडी त्याच्यापेक्षा वयाने मोठी! न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाड्या हाकतात, त्यामुळे जपानमध्ये वापरलेल्या गाड्या तिथे वर्षानुवर्षं जहाजं भरभरून आल्या. त्यात या गाड्याही आल्या आणि तिथली तरुण मुलं त्यांच्यावर जीव टाकतात.

एके दिवशी सकाळी साडेसहाला फोन. तिथे दुपारची जेवणाची सुट्टी असते. "मामा, टर्बो बदलायचाय. फार मोठा नको, माफक. कुठला घेऊ ते तू सांग."

माफक हा शब्द गॅरेजवाल्याने ऐकला की त्याने सावध व्हावं. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण "जास्त नको, थोडाच पिकअप वाढवा" असंच म्हणत येतो. थोडा म्हणजे किती, ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. शेजारच्या गाडीपेक्षा जरा जास्त, एवढंच त्याच्या मनात असतं.

दुसरी अडचण अशी की या गाडीचं इंजिन मी जन्मात कधी उघडलेलं नव्हतं. आपल्या स्कूटरपासून ट्रकपर्यंत सगळीकडे सिलिंडरात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होतो, हातपंपासारखा. या गाडीत पिस्टनच नाही. कंबर जरा रुंद केलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक पोकळी असते आणि तिच्यात फुगीर बाजूंचा एक लोखंडी त्रिकोण फिरतो, दिसायला थेट समोशासारखा. त्याला रोटर म्हणतात. रोटरची तीन टोकं पोकळीच्या भिंतीला सतत घासत जातात, त्यामुळे तीन बाजूंना तीन खोल्या तयार होतात. प्रत्येक खोली फिरता फिरता लहानमोठी होते. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं ही चारही कामं त्यातच उरकतात. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत. रोटर एक फेरा घेतो तोवर बाहेरचा दांडा तीन फेरे घेतो. भाच्याच्या गाडीत असे दोन रोटर आहेत, दोन्ही मिळून १३०८ सीसी. म्हणजे आकडा आपल्या साध्या हॅचबॅक गाडीएवढाच. पण दांड्याच्या दर फेऱ्याला पूर्ण १३०८ सीसी हवा आत जाते, तर चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात तेवढ्याला दोन फेरे लागतात. दांडा मिनिटाला ७००० फेरे घेत असेल, तर टर्बो नसतानाही या इंजिनाची भूक मिनिटाला नऊ हजार लिटर हवेच्या घरात जाते. हा हिशेब मी त्या दिवशी जेवताना पेपराच्या कडेला मांडला आणि माझा घास हातातच राहिला.

हे इंजिन फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन माणसाने कल्पिलं. एनएसयू या कंपनीत १९५७ साली त्याचा पहिला नमुना फिरला. एनएसयूने १९६७ मध्ये आरओ-८० नावाची देखणी मोटार काढली, तिला युरोपात मोठा मान मिळाला, पण रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजायला लागल्या आणि इंजिनं हमीखाली बदलून देता देता कंपनी मेटाकुटीला आली. त्या गाडीचे मालक रस्त्यात एकमेकांना भेटले की हात हलवायच्या ऐवजी बोटं दाखवायचे, माझी तीन इंजिनं झाली, तुझी किती, असा किस्सा सांगतात. त्याच पट्ट्यांनी हिरोशिमाच्या माझदा कंपनीलाही छळलं. पोकळीच्या भिंतीवर आडवे ओरखडे उठत, त्यांना तिथले इंजिनिअर सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने तो प्रश्न सोडवला आणि १९६७ मध्ये कॉस्मो ही गाडी बाजारात आणली. टर्बो लावलेलं रोटरी इंजिन विक्रीच्या गाडीत पहिल्यांदा आलं तेही माझदाचंच, १९८२ साली. १९९१ मध्ये फ्रान्सची चोवीस तासांची 'ल मां' शर्यत चार रोटरच्या माझदाने जिंकली. त्या गाडीचं चित्र भाच्याच्या वसईच्या खोलीत अजून भिंतीवर आहे. मी त्याला मुद्दाम आठवण करून दिली, "अरे, तुझ्या त्या देवाला टर्बो नव्हता."

आपल्याकडे हे इंजिन कुठे सापडणार, असं वाटेल. पण त्याचा एक धागा महाराष्ट्रात आहे. 'निशांत' या लष्करी मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन देशातच बनलं. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने मूळ इंजिन केलं. इग्निशन आणि इंधनाची व्यवस्था केली ती आपल्या नगरच्या, आता अहिल्यानगरच्या, लष्करी वाहन संशोधन संस्थेने. एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळ ते आकाशात उडालं. सुमारे ३० किलोचं इंजिन आणि ५५ अश्वशक्ती! पोकळीच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा खास मुलामा द्यावा लागला. का, तर तीच जुनी कटकट, टोकाच्या पट्ट्या आणि त्यांची घासाघीस.

आता टर्बोबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात जोर असतो, उष्णता असते. एरवी ती सायलेन्सरमधून वाया जाते. टर्बोत एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. धूर एका चाकाला फिरवतो, दुसरं चाक बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात कोंबतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून तर मी ट्रकवाल्यांना घसा फोडून सांगतो, घाट चढून आलात की लगेच चावी बंद करू नका, एक मिनिट इंजिन चालू ठेवा. ऐकत कोणी नाही, म्हणून माझा गाळा चालतो.

रोटरी इंजिनाचं आणि टर्बोचं गोत्र जमतं. मधे व्हॉल्व्ह नसल्याने धूर एकदम, ठोक्याठोक्याने आणि भयंकर तापलेला बाहेर येतो. पूर्ण जोरात नऊशे अंशांच्याही वर. आमच्या डिझेलात सातशे म्हणजे डोक्यावरून पाणी. टर्बोचं चाक फिरवायला हा धूर उत्तम, आणि तेच चाक भाजून काढायलाही उत्तम.

भाच्याने दोन पर्याय काढले होते. एक होता अगदी नवा, मोठा टर्बो. त्याच्यासाठी वेगळी मॅनिफोल्ड, वेगळा वेस्टगेट, मोठे इंजेक्टर, नवा कॉम्प्युटर. जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा मूळ इंजिनाच्या दुप्पट. दुसरा पर्याय साधा. गाडीचा मूळ टर्बो उघडायचा, त्याच घरात हवेच्या बाजूचं चाक किंचित मोठं बसवायचं, बुश-सील नवे टाकायचे आणि वेस्टगेटचं भोक रुंद करायचं. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणारही नाही. तेलाच्या नळ्या त्याच, पाण्याच्या त्याच, नटबोल्ट तेच.

"मामा, दुसऱ्यात मजा नाही रे," तो म्हणाला. माफक हवं म्हणणारा हाच!

मी त्याला दोन्ही टर्बोंचे नकाशे पाठवायला सांगितले. टर्बोच्या हवेच्या चाकाचा एक नकाशा असतो. आडव्या रेषेवर किती हवा, उभ्या रेषेवर किती दाब, आणि मधे डोंगराच्या नकाशासारख्या गोल गोल रेषा. सगळ्यात आतल्या गोलात चाक सर्वात सुखाने काम करतं, जसजसे बाहेर जाल तसतशी हवा जास्त तापते. लोक दाबाच्या मागे लागतात, किती पौंड, किती पौंड, पण इंजिनाला हवी असते हवा. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. हिशेबच सांगतो. बाहेरची हवा ३० अंश धरा आणि दाब दहा पौंड वाढवा. चाक नकाशाच्या मधोमध, पंचाहत्तर टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर हवा साधारण ९५ अंशांवर जाईल. तेच चाक नकाशाच्या कडेला साठ टक्क्यांवर कण्हत असेल, तर तोच दाब, तेच दहा पौंड, पण हवा १११ अंशांवर. काट्यावर आकडा तोच दिसतो, इंजिनाच्या पोटात मात्र वेगळंच शिजतं. जुना मूळ टर्बो जास्त दाबावर पळवला की तो या कडेला जातो. म्हणून चाक थोडं मोठं करण्यात अर्थ होता. पण भाचा जो मोठा टर्बो म्हणत होता, तो त्याच्या रोजच्या वापरात नकाशाच्या दुसऱ्या कडेला बसत होता. डाव्या कडेला गेलं की हवा पुढे जायच्या ऐवजी मागे फडफडते. आणि खालच्या वेगात तो जागाच होणार नाही. ऑकलंडच्या सिग्नल-सिग्नलच्या रहदारीत गाडी मठ्ठ, आणि रस्ता मोकळा मिळाला की एकदम लाथ.

तो ऐकत होता, पण पटत नव्हतं. तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली. ती मी घरातही कोणाला सांगितलेली नव्हती, आज तुम्हाला सांगतो.

१९९८ सालची गोष्ट. अर्नाळ्याचे एक नाखवा माझ्याकडे आले. बोटीला ट्रकचंच सहा सिलिंडरचं इंजिन, साध्या टर्बोचं. म्हणाले, "मिस्त्री, नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेऱ्यांना भाव असतो. बंदराला आधी लागणारी बोट पाहिजे. थोडा जोर वाढव." मी तेव्हा पस्तिशीत, हातात नुकती कला आलेली. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एका मोठ्या इंजिनाचा टर्बो आणला, मॅनिफोल्डला पट्टी जोडून बसवला, आणि डिझेल पंप वाढवला. धक्क्यावर रेस करून पाहिलं, आवाज असा की आजूबाजूची पोरं गोळा झाली. मला धन्य वाटलं.

दहा-बारा दिवस बोट छान पळाली. काळा धूर जास्त येतो, असं एक खलाशी म्हणाला होता. मी म्हटलं, नवीन आहे, बसेल. पण ट्रक आणि बोट यांत एक फरक आहे, तो मी लक्षात घेतला नव्हता. ट्रकला चढ असतो तसा उतारही असतो, इंजिनाला श्वास मिळतो. बोटीचा पंखा पाण्यात तासन् तास एकाच ओझ्यावर फिरत राहतो. त्या फेऱ्यांवर माझा मोठा टर्बो पुरेशी हवा देतच नव्हता आणि पंप मात्र वाढीव डिझेल ओतत होता. हवा कमी, इंधन जास्त, धूर तापत गेला. एका रात्री किनाऱ्यापासून बरंच लांब असताना तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वितळून भोक पडलं. वारा उलटा, नांगर धरेना. चार खलाशी आणि नाखव्यांचा सोळा वर्षांचा मुलगा रात्रभर बोटीवर. सकाळी दुसऱ्या बोटीने ओढून आणलं.

इंजिन माझ्याच गाळ्यावर आलं. झाकण उघडल्याबरोबर मला कळलं काय झालं ते. नाखव्यांनी विचारलं, "कशानं झालं?" मी म्हणालो, "डिझेल खराब होतं." ते पिस्टनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असंल." अर्धी मजुरी मी घेतली नाही, आणि ते मला फार भला माणूस समजले. पुढे दहा वर्षं ते माझ्याकडेच काम आणत राहिले. आता ते नाहीत.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग भाचा म्हणाला, "मामा, तेव्हा मी चाकं धुवायला यायचो का?" मी म्हटलं, "नाही रे, तू नंतर आलास."

त्यानंतर तो मोठ्या टर्बोचं बोलला नाही. पण खरी गोष्ट पुढेच होती. मी त्याला म्हटलं, टर्बो घ्यायच्या आधी जुन्या टर्बोच्या धुराच्या बाजूचा पाइप सोड, आतल्या चाकाचा जवळून फोटो काढ आणि पाठव. आम्ही गाळ्यावर हेच करतो. टर्बोचं चाक म्हणजे इंजिनाची जीभ. डॉक्टर आधी जीभ बघतो.

फोटो आला. मी चष्मा लावून मोठा करून पाहिला. चाकाच्या दोन-तीन पात्यांच्या कडांना बारीक खाचा. उंदराने कुरतडल्यासारख्या. हवेच्या बाजूला खाच असती तर मी म्हटलं असतं, फिल्टर खराब असेल, खडा गेला असेल. पण धुराच्या बाजूला खडा येणार कुठून? तिथे जे येतं ते इंजिनाच्या पोटातूनच येतं. मी विचारलं, "गाडी गरम असताना स्टार्ट व्हायला वेळ लागतो का?" तो म्हणाला, "लागतो थोडा. जुनी आहे ना." माझ्या पोटात गोळा आला.

रोटरच्या प्रत्येक टोकावर एक पट्टी असते. या इंजिनात ती दोन मिलिमीटर जाड आणि आठ सेंटिमीटर लांब, आणि मागे स्प्रिंग. पेट्रोल वेळेआधी भडकलं, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो, तर पिस्टनचं इंजिन थोडं सहन करतं, आवाज करून सांगतं तरी. रोटरीत ती पट्टी तडकते. तिचा टवका उडाला की धुराबरोबर बाहेर पडतो आणि वाटेत टर्बोच्या चाकावर आपटतो. म्हणजे एका चुकीत दोन्ही गेले, इंजिनही आणि टर्बोही.

त्याला मी स्पार्क प्लग काढायला सांगितलं. पेट्रोलचा पंप बंद ठेवून फक्त स्टार्टर मारायचा, एकदा पुढच्या रोटरचे प्लग काढून, एकदा मागच्याचे, आणि आवाज फोनवर टिपून पाठवायचा. साधा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो, कारण तो तीन खोल्यांतला सगळ्यात जास्त दाब तेवढा दाखवून थांबतो. कान फसत नाही. पुढच्या रोटरचा आवाज आला तो असा: फुस्, फुस्, फुस्, फुस्. शिलाई मशीनसारखा सारखा. मागच्याचा: फुस्, फु, फु. फुस्, फु, फु. एक दमदार, दोन पोकळ. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोणाला दमा झालाय?"

दोन पोकळ याचा अर्थ सरळ होता. एका पट्टीच्या दोन्ही अंगांना दोन खोल्या असतात. पट्टी गेली की दोन्ही गळतात. एकच खोली पोकळ असती तर दोष दुसरीकडे, बाजूच्या सीलात शोधला असता. बहुधा आधीच्या कोणा मालकाने दाब वाढवून गाडी पळवली असणार, पट्टीचा कोपरा उडाला असणार आणि तशीच ती विकली असणार. याच इंजिनावर भाच्याने नवा टर्बो बसवला असता, लहान का मोठा, तर उरलेली पट्टी त्याच आठवड्यात नव्या चाकातून गेली असती.

तिथल्या रोटरीच्या जाणकाराने इंजिन उघडलं. मागच्या रोटरची एक पट्टी कोपऱ्याला तुटलेली, आणि भिंतीवर लांब ओरखडा. पट्ट्या सगळ्या नव्या, मागची भिंत बदलायची. खर्च टर्बोपेक्षा कितीतरी जास्त. भाच्याकडे पैसे होते, पण ते डिसेंबरात घरी यायच्या तिकिटाचे होते. त्याने दोन दिवस विचार केला आणि इंजिनाला लावले. दोन वर्षं आई वाट बघत होती. बहिणीने मला फोन करून एवढंच म्हटलं, "दादा, तू त्याला सांगायचंस ना, गाडी विकून टाक म्हणून." मी म्हटलं, "तुटलेलं इंजिन दडवून विकायचं?" तिने फोन ठेवला. तिचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

पुढे टर्बोचा निर्णय आपोआप झाला, कारण पैसेच माफक उरले. मूळ टर्बोच्याच घरात नवं गाभ्याचं काम, हवेचं चाक एक पायरी मोठं. वेस्टगेटचं भोक रुंद करायचा मी आग्रह धरला. या गाड्यांचा एक दुर्गुण आहे. सायलेन्सर मोकळा केला की वेस्टगेटला सगळा धूर वळवता येत नाही आणि कोणी न सांगता दाब आपला आपण चढत जातो. कंपनीचा कॉम्प्युटर एका मर्यादेला इंधन तोडून टाकतो. ती खरं तर गाडीची काळजीच असते, पण पोरं काय करतात, एक छोटी डबी लावून कॉम्प्युटरला फसवतात. भाच्याला मी सांगितलं, डबी लावलीस तर मला फोन करू नकोस. त्याने डबी लावली नाही. पेट्रोलचं प्रमाण बघणारा एक मीटर आणि धुराचं तापमान दाखवणारा एक काटा लावला. तो काटा १९९८ साली माझ्या बोटीवर असता तर, असं मनात आलं.

न्यूझीलंडमध्ये इंजिनात ठरावीक मर्यादेपलीकडे फेरबदल केले, तर खास तपासनिसाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हाही माफक निवडीचा एक फायदा, कागदपत्रांची कटकट वाचली. आपल्याकडे तर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ वर बोट ठेवून सांगितलं आहे की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करायचा नाही. माझ्या गाळ्यावर ती ओळ मी मोठ्या अक्षरात लिहून लावली आहे. गिऱ्हाईक वाचतं, मान हलवतं आणि म्हणतं, "ते ठीक आहे, पण थोडाच वाढवा." वाढवत नाही. काही जण रागावून पुढच्या गाळ्यावर जातात.

इंजिन बसवल्यावर दोन-तीन महिने भाच्याने गाडी हळू चालवली, नव्या पट्ट्या भिंतीला बसाव्या म्हणून. मग एका सकाळी पुन्हा साडेसहाला फोन. बोलला काही नाही, फोन बॉनेटजवळ धरला. रोटरीचा संथ आवाज वेगळाच असतो, ब्रॅप, ब्रॅप, ब्रॅप, बुलेट आणि लुना यांच्यामधला. मग त्याने जरा रेस केली आणि मागून टर्बोची बारीक शिट्टी आली. स्वच्छ. शिट्टीत कंप नव्हता, म्हणजे दांडा तोलात होता. मी विचारलं, "किती पळते?" तो म्हणाला, "मामा, सिग्नलवरून निघताना त्रास देत नाही, हेच बघून मी खूश आहे."

यंदाच्या मे महिन्यात तो वसईला आला. विमानतळावरून थेट बहिणीकडे. तिने बॅग उघडली, वर चॉकलेटं, चीज, तिच्यासाठी लोकरीचा स्वेटर आणि सगळ्याला डिझेलच्या गाळ्यासारखा वास. तळाशी टॉवेलात गुंडाळलेला जुन्या टर्बोचा गाभा. "कस्टमवाल्याने काढायला लावला होता," तो सांगत होता, "म्हटलं, मामाला दाखवायचाय." बहिणीने तो दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घे तुझं." हसत होती.

तो आता गाळ्यावर माझ्या टेबलावर असतो. दुसऱ्या दिवशी भाचा आला आणि जुन्या सवयीने त्याने रॉकेलचा डबा पुढे ओढला. चाक धुऊन त्याने उजेडात धरलं. फोटोत तीन पाती कुरतडलेली दिसत होती. आम्ही दोघांनी नखाने एकेक पातं चाचपून मोजली. पाच निघाली.